शिधा नको, ताट वाढा

२०२२च्या दिवाळीत राज्य सरकारने रेशनच्या दुकानांतून शंभर रुपयांत एक पिशवी द्यायला सुरुवात केली. किलोभर रवा, किलोभर साखर, किलोभर चणाडाळ आणि लिटरभर पामतेल. योजनेचं नाव ‘आनंदाचा शिधा’. पुढे पाडव्याला, गणपतीला ती पिशवी येत राहिली. पिशवीवरच्या फोटोंवरून वाद झाले, ती वेळेवर आली नाही म्हणून ओरड झाली आणि २०२५ मध्ये तिजोरीवरच्या ताणापुढे ती मागे पडली. एवढ्या चर्चेत एक साधा प्रश्न मात्र कोणी विचारल्याचं आठवत नाही. त्या डाळीचं पुरण शिजवायचं कोणी, कधी आणि कोणत्या चुलीवर?

आपल्याकडे सरकार अन्न देतं ते कोरडं देतं. रेशनवर माणशी पाच किलो धान्य, तेही जानेवारी २०२३ पासून मोफत. गरोदर बाईला अंगणवाडीतून पाकिटं. पूरग्रस्ताला किट. क्षयरुग्णाच्या खात्यात महिन्याला हजार रुपये. यातलं काहीच वाईट नाही. धान्याने दुष्काळ रोखले, हे नाकारणारा माणूस इतिहास विसरलेला असावा. पण आजच्या महाराष्ट्रात भुकेचा मोठा भाग धान्याच्या टंचाईचा राहिलेला नाही. शिजवलेलं ताट ज्याच्यासमोर येत नाही त्याची ही भूक आहे. मजूर नाक्यावर सकाळी सातला उभा राहणारा बिगारी, खोलीत गॅस पेटवायला मालक देत नाही म्हणून दोन वेळा वडापाववर भागवणारा परीक्षार्थी, ‘माझ्या एकटीसाठी कुठं चूल पेटवायची’ म्हणत चहात चपाती बुडवून झोपणारी म्हातारी, इस्पितळाच्या व्हरांड्यात पंधरा दिवस बसलेला पेशंटचा भाऊ. यांच्यापैकी कुणालाही पाच किलो तांदूळ द्या, प्रश्न होता तिथेच राहतो. म्हणून माझं म्हणणं असं की शिजवलेलं जेवण ही सरकारने आपली नेहमीची जबाबदारी मानावी, दवाखाना आणि शाळा जशी मानतो तशी. आज ते सणाच्या किंवा संकटाच्या वेळच्या दयेवर सोडलेलं आहे.

आपण कोरडंच का देतो, याची प्रशासकीय कारणं उघड आहेत. धान्य नासत नाही, मोजता येतं, पोत्यावर शिक्का मारता येतो, ऑडिटला दाखवता येतं. पण मला वाटतं याच्या मागे एक जुनी सवयही आहे आणि ती जातीची आहे. ज्या घरचा भात शिवायचा नाही त्या घरचा शिधा भटजींना चालत असे. डाळ-तांदळाला विटाळ नव्हता. त्याच डाळ-तांदळाला पाणी आणि विस्तव लागला की विटाळ सुरू. त्यामुळे गावगाड्यात अन्न दोन वाटांनी चालायचं: कोरडं खालून वर जायचं आणि शिजवलेलं वरून खाली यायचं, तेही उरलेलं, उष्टं, दारामागून. चोखामेळ्याने ते एका अभंगात सरळ मांडून ठेवलं आहे: ‘बहु भुकेला जाहलों । तुमच्या उष्ट्यासाठी आलों ॥’ आणि शेवटी, ‘चोखा म्हणे पाटी । आणिली तुमच्या उष्ट्यासाठी ॥’ त्याचा आध्यात्मिक अर्थ कीर्तनकार लावतात, लावोत. पाटी घेऊन दारात उभा असलेला माणूस त्या अर्थाने अदृश्य होत नाही.

म्हणूनच महाराष्ट्राच्या सार्वजनिक आयुष्यात खरी खळबळ झाली ती शिजवलेल्या अन्नावरून. एकनाथांच्या कथेत श्राद्धाचा स्वयंपाक तयार आहे, वासाने वाटेवरची अस्पृश्य माणसं थबकतात, नाथ त्यांनाच पानावर बसवतात आणि मग पैठणचे ब्राह्मण जेवायला येत नाहीत. नाथांनी त्यांना शिधा बांधून दिला असता तर कथाच झाली नसती. १८९० साली पुण्यात पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये एका कार्यक्रमाला चहा-बिस्किटं आली. काहींनी चहा घेतला, काहींनी नुसता कपाला हात लावला. गोपाळराव जोशांनी हजर असलेल्यांची नावं वर्तमानपत्रात छापून आणली आणि टिळक-रानड्यांसारखी माणसं ग्रामण्याच्या, म्हणजे वाळीत टाकण्याच्या, फेऱ्यात सापडली. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तं झाली. कपभर चहावरून!

कोल्हापूरचा प्रसंग याच्या उलट दिशेचा. संस्थानच्या चाकरीतले गंगाराम कांबळे यांना पाण्याला शिवल्याबद्दल मारहाण झाली होती. शाहू महाराजांनी त्यांना भरपाई म्हणून धान्य किंवा जमीन देऊन विषय मिटवला असता तरी लोकांनी वाहवाच केली असती. महाराजांनी त्यांना भाऊसिंगजी रोडवर चहाचं हॉटेल काढायला लावलं, ‘सत्यसुधारक’ नावाचं. आणि मग स्वतःची गाडी दारात थांबवून ते तिथला चहा पिऊ लागले. सहीसाठी आलेल्यांना आधी गंगारामचा चहा पिऊन यायला सांगत, अशीही आठवण कोल्हापुरात सांगतात. मला यातला राज्यकर्ता महत्त्वाचा वाटतो. विटाळ कुठे बसलेला आहे ते त्याने अचूक हेरलं होतं आणि इलाजही तिथेच केला, उकळत्या चहाच्या भांड्यात.

शाळेतल्या खिचडीची गोष्ट याच धाग्यातली आहे, फक्त तिच्यात नायक नाही. १५ ऑगस्ट १९९५ ला केंद्राने शाळेतल्या पोषण आहाराची योजना सुरू केली तेव्हा कागदावर शिजवलेलं अन्न असलं तरी बहुतेक राज्यांनी काय केलं, तर हजेरी भरलेल्या मुलाला महिन्याला तीन किलो तांदूळ दिला. पोरगं दप्तर आणि पिशवी दोन्ही घेऊन घरी. तो तांदूळ घरच्या डब्यात पडायचा आणि घरातल्या सगळ्यांच्या पोटात वाटला जायचा. चुकीचं काही नाही, पण शाळेत दुपारी बारा वाजता त्या पोराचं पोट रिकामंच. २८ नोव्हेंबर २००१ ला सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की तांदूळ नको, शिजवून द्या: किमान तीनशे कॅलरी, आठ ते बारा ग्रॅम प्रथिनं, वर्षाचे दोनशे दिवस. राज्यांनी कुरकुर केली. स्वयंपाकघर नाही, भांडी नाहीत, मास्तरांनी शिकवायचं की शिजवायचं? ती कुरकुर अगदीच खोटी नव्हती. पण शिजायला लागल्यावर दोन गोष्टी झाल्या. उपाशी येणारं पोर दुपारनंतरही वर्गात टिकू लागलं. आणि सगळ्या आळ्यांची पोरं एका ओळीत बसून एकाच पातेल्यातलं खाऊ लागली. त्यावर तंटे झाले, देशात अजूनही होतात. स्वयंपाकीण अमक्या जातीची आहे म्हणून आमचं पोर जेवणार नाही, असं सांगणारे पालक संपलेले नाहीत. तीन किलो तांदळाच्या पिशवीवरून मात्र असा तंटा एकदाही झाला नव्हता. आपली व्यवस्था पिशवीत खूश का होती, ते यावरून कळावं.

घरातली पंगत ही याहून अवघड जागा, कारण तिथे न्यायालय पोचत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांत रक्ताची कमतरता ५४.२ टक्के निघाली, त्याच वयाच्या पुरुषांत २१.९ टक्के. एकच घर, एकच चूल, एकच रेशनकार्ड. मासिक पाळी आणि बाळंतपण यामुळे बाईचं रक्त जास्त जातं हे खरं, सगळा फरक जेवणाच्या क्रमावर ढकलणं वैद्यकाला धरून होणार नाही. पण ज्याची झीज जास्त त्याला आधी आणि जास्त वाढायला हवं, एवढं कळायला डॉक्टर लागत नाही. आणि घडतं नेमकं उलट. भाजीतल्या फोडी वेचून झाल्यावर उरलेला रस्सा, वरणाचा तळ, सकाळची भाकरी. ‘मी घेते मागून’ हे वाक्य मराठी घरात इतक्या सहज म्हटलं जातं की त्याला कोणी आजाराचं कारण मानत नाही.

सरकारचं उत्तर म्हणजे लोहाची गोळी. गोळी योग्यच आहे. पण रिकाम्या पोटी घेतली की मळमळतं, चार दिवसांत बाई ती फडताळात ठेवून देते आणि आशाताईने विचारलं की ‘चालू आहे’ म्हणते. पाकिटातल्या कोरड्या आहाराचं काय होतं, तेही प्रत्येक अंगणवाडीताईला ठाऊक आहे. थोडं पोरं खातात, थोडं सासू खाते आणि चव नाही म्हणून थोडं शेळीपुढे जातं.

या पार्श्वभूमीवर २०१५ साली राज्याने आदिवासी भागांत सुरू केलेली डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना मला फार शहाणी वाटते. तिचं कौतुक व्हायला हवं तेवढं झालं नाही. गरोदर आणि नुकत्याच बाळंत झालेल्या बाईने अंगणवाडीत यायचं आणि एक वेळचं ताजं जेवण तिथेच बसून जेवायचं: भाकरी किंवा चपाती, भात, डाळ, पालेभाजी, शेंगदाण्याचा लाडू, अंडं नाहीतर केळं. महिन्याचे पंचवीस दिवस. योजनेचं सगळं मर्म ‘तिथेच बसून’ यात आहे. नंदुरबार-गडचिरोलीकडच्या एखाद्या पाड्यावरच्या सुनेला आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी वाढतं आणि ती बसून जेवते, तिच्या ताटातला लाडू उचलायला समोर नवरा नसतो, दीर नसतो, भुकेलं पोरही नसतं. आणि योजना जिथे कोलमडते तीही याच ठिकाणी. पाडे लांब असतात, बाई मजुरीला गेलेली असते, मग जेवण डब्यात भरून घरी जातं आणि घरी त्या डब्याचं पुन्हा तेच होतं. ताटाचा डबा झाला की तो शिधाच.

आता वैद्यकाकडे येतो. आपल्याकडे पथ्याला औषधाइतकाच मान आहे. जुन्नरच्या लोलिंबराजाने ‘वैद्यजीवना’त लिहून ठेवलं की पथ्य पाळलं तर औषधाची गरज काय आणि पथ्य पाळलं नाही तर औषधाचा उपयोग काय. श्लोक चटकदार आहे, वैद्य मंडळी अजून ऐकवतात. पण त्यात गृहीत धरलेला रोगी घरचा बरा आहे. वर्ज्य करायला त्याच्या घरात आधी दही, तूप, गूळ असं काहीतरी आहे. आजच्या ओपीडीत मिळणारा छापील आहारतक्ता याच रोग्यासाठी असतो. सकाळी सातला भिजवलेले बदाम, अकराला एक फळ, दुपारी कोशिंबीर, चारला मूठभर फुटाणे, रात्री आठच्या आत हलकं जेवण. हा कागद ऊसतोडीच्या टोळीतल्या बाईच्या हातात ठेवून बघा. ती पहाटे तीनला उठून भाकऱ्या थापते, अंधारात फडात जाते, दुपारी कालची किंवा पहाटेची भाकरी चटणीशी खाते आणि गाडी भरली की रात्री कधी कोपीवर, म्हणजे तळावरच्या झोपडीत, येईल ते कारखान्याची रांग ठरवते. कागदावरचं एकही वाक्य खोटं नाही, आणि एकही तिच्या कामाचं नाही.

क्षयरोगाच्या बाबतीत तर वैद्यकाने अन्नाला एकदा डोक्यावर घेतलं आणि एकदा पार बाहेर काढलं. औषधं नव्हती तेव्हा सॅनेटोरियम होती. पाचगणीला डॉ. बिलिमोरियांनी १९१२ मध्ये बेल-एअर सुरू केलं, मिरजेला वानलेसचं छातीच्या रोगांचं रुग्णालय होतं. इलाज म्हणजे हवा, विश्रांती, दूध, अंडी, लोणी. अर्थात ज्याला परवडेल त्याला. मग औषधं आली आणि १९५६ पासून मद्रासच्या क्षयरोग केंद्रात एक प्रयोग झाला, जो पुढे जगभर गाजला. रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एका गटाला वर्षभर सॅनेटोरियममध्ये ठेवून औषध आणि उत्तम जेवण. दुसऱ्याला तीच औषधं घरी, मद्रासच्या गरीब वस्तीत, घरच्या तुटपुंज्या जेवणावर. १९५९ साली निष्कर्ष आला: जंतू मरण्याच्या बाबतीत दोन्ही गट जवळपास सारखे. हा निष्कर्ष गरिबांच्या बाजूचा होता, याबद्दल शंका नको. खाट मिळेपर्यंत मरत बसण्याची पाळी त्याने टाळली, लाखो माणसं घरी राहून बरी झाली. पण त्यातून व्यवस्थेने शिकू नये तो धडाही शिकला, की क्षयात जेवणाचं काही विशेष नाही, गोळ्या गिळल्या की झालं. घरच्या गटाचं वजन कमी वाढलं होतं, ही नोंद बाजूलाच पडली. जंतू मेले म्हणजे माणूस उभा राहिला असं नव्हे. आणि त्याच घरात कुपोषित अंगाने झोपणाऱ्या बाकीच्यांना रोग होऊ नये, हा प्रश्न तर त्या प्रयोगाने जेवणाच्या बाजूने विचारलाच नव्हता.

तो विचारायला साठ वर्षं लागली. झारखंडमध्ये २०१९ ते २०२२ या काळात डॉ. अनुराग आणि डॉ. माधवी भार्गव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २,८०० क्षयरुग्ण आणि त्यांच्या घरातली १०,३४५ माणसं यांचा अभ्यास केला. रुग्णांना सगळीकडेच धान्य-डाळ-तेल-दूध पावडर मिळाली. अर्ध्या भागात घरातल्या इतरांनाही धान्य आणि डाळ दिली, प्रत्येकाच्या नावाने. २०२३ मध्ये निकाल छापून आला. जिथे सगळ्या घराला अन्न मिळालं तिथे घरच्यांमध्ये नवा क्षयरोग ३९ टक्क्यांनी कमी, फुफ्फुसाचा संसर्गजन्य क्षय ४८ टक्क्यांनी कमी. रुग्णाचं वजन पहिल्या दोन महिन्यांत पाच टक्के वाढलं, तर त्याच्या मृत्यूचा धोका साठेक टक्क्यांनी उतरतो, हेही त्याच कामातून दिसलं. एखाद्या लसीने हा परिणाम दाखवला असता तर पहिल्या पानावर बातमी आली असती.

चाणाक्ष वाचक इथे मला पकडेल. झारखंडमध्ये दिला तो शिधाच होता की! बरोबर. आणि माझा मुद्दा त्यामुळेच नेमका होतो. तिथला शिधा लागू पडला, कारण तो घरातल्या प्रत्येक तोंडासाठी मोजून दिला होता. रुग्णाच्या वाट्याला हात लावायची कोणाला गरज पडली नाही. आपण करतो ते निराळंच. एका माणसाच्या नावाने शिधा द्यायचा, पाच माणसांच्या घरात पाठवायचा आणि मग तो त्याच एकाच्या अंगी लागावा अशी अपेक्षा ठेवायची. कोणती आई आपल्या नावाचं अंडं पोराला न देता खाईल? म्हणून पर्याय दोनच आहेत. अख्खं पातेलं भरा, नाहीतर त्या माणसासमोर ताट ठेवा. पातेलं भरणं उत्तम, पण एका रुग्णामागे पाच जणांचा खर्च करायला कोणतंही खातं तयार नाही, तेव्हा निदान ताट तरी.

‘ताटापेक्षा पैसे द्या, ज्याला जे हवं ते तो खाईल’ हा युक्तिवाद अलीकडे फार ऐकू येतो. तो शहाण्या लोकांकडून येतो आणि त्यात तथ्यही आहे. पैशात मान आहे, निवड आहे, मधला दलाल नाही. पण जरा हिशोब करू. क्षयरुग्णाला २०१८ पासून महिन्याला पाचशे रुपये मिळायचे, नोव्हेंबर २०२४ पासून हजार. म्हणजे दिवसाला तेहतीस रुपये. राज्य सरकारने शिवभोजन थाळीचा शहरातला खर्च पन्नास रुपये धरला, त्यातले दहा जेवणारा देतो आणि चाळीस सरकार. म्हणजे सरकारच्याच आकड्यांनी बघितलं तर रुग्णाच्या दिवसाच्या पैशांत एका सरकारी थाळीचा खर्चसुद्धा निघत नाही. त्या तेहतीस रुपयांतून रिक्षाचं भाडं जातं, पोराची वही जाते. त्यात त्याचा दोष काय?

शिवभोजन २६ जानेवारी २०२० ला सुरू झालं: दोन चपात्या, वाटीभर भाजी, मूदभर भात, वाटीभर वरण. दोन महिन्यांत टाळेबंदी आली आणि ही थाळी किती योग्य वेळी आली ते सिद्ध झालं. पाच रुपयांत दिली, काही काळ फुकट पार्सलही दिलं. त्याआधी १९९५ ला युती सरकारने एक रुपयात झुणका-भाकर आणली होती. तिचं काय झालं ते सर्वांना माहीत आहे. मोक्याच्या जागी स्टॉल मिळाले, सरकार बदललं, अनुदान आटलं, स्टॉल राहिले आणि त्यावर वडे तळू लागले. शिवभोजनाचीही गत त्याच दिशेने चालली आहे. केंद्रचालकांची बिलं महिनोन्‌महिने थकतात, थाळ्यांची संख्या कागदावर एक आणि काउंटरवर एक असते. दर सरकार आपलं ताट वाढतं आणि दुसऱ्याचं उचलतं. तमिळनाडूत अम्मा उणवगम हे स्वस्त सरकारी उपाहारगृह २०१३ पासून आहे, सत्तापालट होऊनही चालू राहिलं. कर्नाटकात इंदिरा कॅन्टीन मधल्या काळात आजारी पडलं, पण संपलं नाही. आपल्याकडेच हे का होतं, याला मला एकच उत्तर सुचतं. आपल्याकडे याला राजकारणी आपलं देणं समजतात आणि जेवणारा भीक समजतो.

आणि इथे मराठी साहित्याची साक्ष काढावी लागते, माझ्याच म्हणण्याच्या विरोधात. सत्तरच्या दशकाच्या शेवटापासून जी दलित आत्मकथनं आली त्यांत शिजवलेल्या अन्नाच्या आठवणी गोड नाहीत. लग्नाच्या पंगती उठेपर्यंत लांब उन्हात बसून राहणं, पत्रावळींवरचं गोळा करणं, घरी आणून वाळवून ठेवणं. त्याच काळातलं पांढरपेशं ललित लेखन केळीच्या पानावरच्या आळूच्या फतफत्यात आणि उकडीच्या मोदकांत रमलेलं होतं. दोन्ही जेवणंच, दोन्ही मराठीच. शाहू पाटोळे यांनी २०१५ साली मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या खाण्यावर पुस्तक लिहिलं तेव्हा त्याला नाव दिलं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’. खिचडी वाढल्यावर शाळेतली पोरं हात जोडून ‘अन्न हे पूर्णब्रह्म’ म्हणतात, त्याला दिलेलं हे उत्तर आहे. ज्यांच्या आजी-आजोबांनी पाटी घेऊन दारात उभं राहून शिजवलेलं अन्न घेतलं, त्यांना ‘सरकार तुम्हाला ताट वाढणार’ असं सांगताना सरकारने आधी आपली रीत तपासली पाहिजे.

ती रीत आज वाईट आहे. शिवभोजन केंद्रावर जेवणाऱ्याचं नाव आणि फोटो ॲपवर चढवावा लागतो. हेतू चांगला, खोट्या थाळ्या रोखायच्या. पण दहा रुपये मोजून जेवायला आलेल्या माणसाचा घास हातात धरलेला फोटो सरकारला कशाला हवा? क्षयरुग्णांना मदत करायला पुढे आलेले देणगीदार, म्हणजे ‘निक्षय मित्र’, किट देतात तेव्हाही तेच. देणारा मधोमध हसत उभा, घेणारा कडेला खाली बघत. गळती रोखण्याचे दुसरे मार्ग आहेत: धान्य-भाजीची खरेदी तपासा, अचानक भेटी द्या, महापालिकेच्या वॉर्डातल्या लोकांची समिती नेमा. पेट्रोल पंपावर भेसळ होते म्हणून आपण गाडीवाल्याचा फोटो काढत नाही.

महाराष्ट्राला यासाठी तमिळनाडूकडेही बघायची गरज नाही, घरचा नमुना मुंबईच्या गिरणगावात आहे. गिरणीतला कामगार बायको-पोरं गावाला ठेवून खोलीत दहाजणांत राहायचा आणि जेवायचा तो खानावळीत. खानावळवाली बहुधा त्याच्याच मुलखातली, चवही मुलखातली: कोणाला सुकट, कोणाला बाजरीची भाकरी. पैसे महिन्याच्या पगाराला. त्यात कोणी कोणाचा उपकार मानत नव्हतं. बाई राबायची मात्र पहाटेपासून रात्रपाळीपर्यंत आणि वर सावकाराच्या कर्जात असायची. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी या बायकांना अन्नपूर्णा महिला मंडळात बांधलं, बँकेचं कर्ज मिळवून दिलं. सरकारी ताटाने अन्नछत्राची नक्कल सोडून या खानावळीसारखं व्हावं. थोडे का होईना पैसे घ्यावेत, रात्रीचंही जेवण द्यावं, विदर्भात ज्वारीची भाकरी आणि कोकणात भात वाढावा, सगळ्या राज्याला एकच छापील थाळी नको. आणि अंडं असावं. शाळेतल्या पोरांना आठवड्याला एक अंडं द्यायचं २०२३च्या नोव्हेंबरात ठरलं आणि जानेवारी २०२५ मध्ये राज्याने त्याचा निधी काढून घेऊन लोकवर्गणीतून द्या म्हणून सांगितलं. ज्या गावात वर्गणी निघू शकते तिथल्या पोरांना अंड्याची गरज सगळ्यात कमी, हे मंत्रालयात कोणाला सुचलं नसेल असं नाही.

मागण्या माझ्या मोठ्या नाहीत. प्रत्येक जिल्हा रुग्णालयाच्या आवारात दोन्ही वेळ चालणारी खानावळ हवी, रुग्णाबरोबरच्या माणसाला तिथे दहा-वीस रुपयांत जेवता यावं. आज मुंबईत परळच्या इस्पितळांबाहेर फुटपाथवर हे काम धर्मादाय संस्था करतात आणि त्यांचा टेम्पो येईल तेव्हाच जेवण. क्षयाच्या, डायलिसिसच्या, केमोच्या रुग्णाला डॉक्टरने औषधाच्या चिठ्ठीवर ताट लिहून द्यावं आणि ते जवळच्या केंद्रावर चालावं. अमृत आहार ऊसतोडीच्या तळांवर न्यावा, कारखान्यांनी खर्चाचा वाटा उचलावा. आरोग्य खातं आणि अन्नपुरवठा खातं यांनी यासाठी एका टेबलाशी बसलं तरी पुरे. अजून ती दोघं एकमेकांच्या योजना वर्तमानपत्रात वाचतात.

एक अडचण मात्र खरी आहे आणि ती पैशांची असली तरी सरकार समजतं त्या पैशांची नाही. हे सगळं शिजवणार कोण? शाळेतली स्वयंपाकीण आज शंभर पोरांचं शिजवते, भांडी घासते, शाळा झाडते आणि तिला महिन्याला दोन-अडीच हजार मिळतात, तेही वर्षाचे दहाच महिने, कारण सुट्टीत पोरं जेवायला येत नाहीत. तिला कामगार म्हणत नाहीत, मानधन घेणारी मदतनीस म्हणतात. बचत गटाच्या बायका किराणा उधारीवर आणतात आणि बिल निघेपर्यंत दुकानदाराला तोंड चुकवत फिरतात. घरात मागून जेवणाऱ्या बाईलाच आपण सार्वजनिक स्वयंपाकघरातही फुकटात धरलं आहे. नव्या ताटांचा जो काही हिशोब मांडायचा त्यात पहिली ओळ तिच्या पगाराची असावी, किमान वेतनाएवढी, बारा महिन्यांची. ती ओळ लिहिल्यावर थाळी पन्नासची सत्तर होईल. होऊ दे.